पाम बीचवरची ताडपत्री

नवी मुंबईतल्या तुर्भ्यात आमचा एक मोफत दवाखाना आहे. दवाखाना म्हणजे भाड्याचे दोन गाळे, मधली भिंत पाडलेली. संध्याकाळी शटर वर जातं तेव्हा बाहेर रांग लागलेलीच असते. एपीएमसीच्या घाऊक बाजारातले हमाल, नाक्यावर उभे राहणारे बिगारी, सानपाड्याच्या सोसायट्यांमध्ये धुणीभांडी करणाऱ्या बाया. डॉक्टर मंडळी आपापली प्रॅक्टिस सांभाळून पाळीपाळीने येतात, पैसे घेत नाहीत. मी सरकारी नोकरीतून निवृत्त झालेली सिस्टर, मीही घेत नाही. पण गाळ्यांचा मालक भाडं घेतो, कंपाउंडरला पोराबाळांचं बघायचं असतं, आणि बीपीच्या गोळ्या काही झाडाला लागत नाहीत.

सगळ्यात जास्त खर्च शुगर तपासायच्या पट्ट्यांवर होतो, आणि पट्ट्यांसाठी देणगी मागायला गेलं की लोकांचे चेहरे पडतात. ईसीजीचं मशीन द्यायला पुष्कळजण तयार असतात. त्यावर आई-वडिलांच्या नावाची पाटी लावता येते. पट्टीवर एक थेंब रक्त घेतलं की ती कचऱ्यात. म्हणून नेरूळ-सानपाड्याकडच्या हौशी धावपटूंचा एक गट दवाखान्यात आला आणि "मॅडम, तुम्हाला काय लागतं ते सांगा, आम्ही पळून पैसे जमवतो" म्हणाला, तेव्हा मी कागदावर पहिलं नाव पट्ट्यांचं लिहिलं. त्यांच्यातले काहीजण दर जानेवारीत मुंबई मॅरेथॉन धावणारे. ती २००४ मध्ये सुरू झाली, आणि तिथे संस्थांसाठी निधी गोळा करत धावणारे खूप असतात. कल्पना त्यांनी तिथूनच उचललेली. बाकी सगळा मामला मात्र घरगुती. पदक नाही, टायमिंगची चिप नाही. फेब्रुवारीतला एक रविवार ठरला, वाहतूक पोलिसांना पत्र गेलं. मोराज सर्कलपासून पाम बीच रोडच्या कडेकडेने किल्ला जंक्शन, तिथून परत, आणि अंतर कमी पडेल ते नेरूळच्या 'ज्वेल ऑफ नवी मुंबई' बागेतल्या तळ्याभोवती चकरा मारून भरायचं. एकूण २१ किलोमीटर. प्रत्येकाने ऑफिसात, बिल्डिंगमध्ये शब्द घेऊन ठेवलेले: मी पळेन त्या प्रत्येक किलोमीटरमागे तू इतके द्यायचे.

आमचं मेडिकलचं टेबल सारसोळे जेट्टीच्या बाजूला होतं. सामानाची यादी आमच्या फिजिशियन डॉक्टरांनी केली होती. ग्लुकोमीटर, बीपीचं यंत्र, ओआरएस, पाण्याचे दोन ड्रम, दोन बादल्या बर्फ आणि एक निळी ताडपत्री. पाणी वाटायला आमचेच पेशंट आले होते, कांदा-बटाटा मार्केटमधले चार माथाडी आणि त्यांचा मुकादम. हे त्यांनी स्वतःहून ठरवलेलं. "आमच्यासाठी पळतायत, मग पाणी तरी आम्ही पाजू," असं मुकादम म्हणाला होता. ताडपत्रीही त्यानेच आणलेली, टेम्पोवर टाकतात तसली जाड. गटातल्या एका मुलीने विचारलं, "पाऊस येणारे का, मॅडम?" सगळे हसले. आम्हीही हसलो, कारण अंधारात उभं राहून त्या ताडपत्रीची कथा सांगण्याची ती वेळ नव्हती.

कथा आधीच्या मे महिन्यातली. ह्याच मुकादमाच्या टोळीतला एक गडी अंगात कणकण असताना गाडी खाली करायला उतरला. गाडी रिकामी झाल्याशिवाय टोळीचा हिशोब होत नाही, आणि मधेच बसलं की वाटा जातो, म्हणून तो बसला नाही. नंतर तो अचानक सोबत्यांनाच शिव्या द्यायला लागला, चालता चालता भिंतीवर आपटला. लोकांना वाटलं, सकाळी सकाळी घेतलीय. उन्हाळा चढलाय हे कोणाच्या लक्षात येईपर्यंत बराच वेळ गेला. तो वाचला, पण स्नायूंची नासाडी होऊन मूत्रपिंडं बंद पडली आणि काही आठवडे डायलिसिसवर काढावे लागले. आता तो मार्केटमध्ये पावत्या फाडायचं काम करतो. गोणी उचलत नाही.

त्या प्रकारानंतर डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांना बसवून शिकवलं. उष्माघात म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतो तो म्हातारा माणूस, कातडी कोरडी ठणठणीत, बाहेर रणरणतं ऊन. अंगमेहनतीतून होणारा उष्माघात वेगळा. तो तरण्याताठ्या माणसाला होतो, घाम निथळत असतानाही होतो, आणि हवा फार तापलेली नसतानाही होतो. दमट हवेत घाम वाळत नाही, स्नायू आतून उष्णता तयार करतच राहतात. त्यात आधीचा ताप, जुलाब, झोप न झालेली, सर्दीच्या काही गोळ्या यातलं काही असलं की भर पडते. ओळखायच्या खुणा दोनच: शरीराच्या आतलं तापमान १०४ फॅरनहाइटच्या वर आणि डोकं ठिकाणावर नाही. आतलं म्हणजे आतलं. काखेत किंवा तोंडात थर्मामीटर लावून उपयोग नाही, तो खोटं सांगतो. गुदद्वारातच लावायला हवा. आणि मग आधी थंड करायचं, नंतर हलवायचं. पहिल्या अर्ध्या तासात ताप उतरला तर माणूस बहुतेक वेळा धडधाकट घरी जातो. तो अर्धा तास गाडीत घालवला तर मेंदू, यकृत, मूत्रपिंडं, कशाचाही भरवसा नाही. टब कुठून आणणार? म्हणून ताडपत्री. चौघांनी कडा धरायच्या, मधे झोळी होते, त्यात माणूस, वर पाणी आणि बर्फ.

तर त्या रविवारी ऊन नीट वर आलेलंही नव्हतं. खाडीकडून चिकट, ओली हवा येत होती. परतीच्या वाटेवरचे धावपटू आमच्यासमोरून जात होते आणि काही सायकलवाले फ्लेमिंगोंचे फोटो काढायला थांबले होते. तेवढ्यात आमच्या एका माथाडीने हाक मारली, "सिस्टर, तो बघा, उलटा निघालाय."

पस्तिशीचा एक मुलगा टेबल ओलांडून गेला होता आणि तिथून वळून परत बेलापूरच्या दिशेने धावायला लागला होता. ऐरोलीत कुठल्याशा आयटी कंपनीत होता, हे मागाहून कळलं. पाय एकमेकांत अडकत होते. मी आडवी गेले. म्हटलं, "अरे बाळा, थांब, जरा बस." तो माझ्यावर खेकसला, "सोळा झालेत. पाच राहिलेत. सोडा मला." कुठे आहेस विचारलं तर म्हणाला, स्टेशनवर. नाव विचारलं तर पुन्हा "पाच राहिलेत." घामाने सदरा पिळून काढावा असा झालेला. हात धरला तर चटका बसला.

मुकादमाने त्याच्याकडे पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. त्याला कोणी काही सांगायची गरज नव्हती. "हे मे महिन्यासारखंच आहे," एवढंच बोलला आणि ताडपत्री झटकायला गेला.

मुलगा तोवर गुडघ्यांवर आला होता. गर्दी जमली आणि गर्दीबरोबर सल्लेही. एकाने कांदा हुंगवायला सांगितला. एक काका खिशातून तापाची गोळी काढून उभे. एकजण बाटली त्याच्या तोंडाला लावायला निघाला, त्याचा हात मी अक्षरशः झटकला. शुद्ध हरपत चाललेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतलं तर ते फुफ्फुसात जातं, आणि तापाची गोळी ह्या तापाला लागू पडत नाही, कारण हा जंतूंचा ताप नाहीच. डॉक्टरांनी बोट टोचून शुगर पाहिली, ११२. म्हणजे साखर उतरलेली नाही. काखेतला थर्मामीटर १०१ दाखवत होता. मग दोघा धावपटूंना चादर आडवी धरायला लावली आणि डॉक्टरांनी दुसरा थर्मामीटर हवा तिथे लावला. १०६.४. कोणीतरी चादरीच्या वरून मोबाइल धरला होता. त्याला मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मुलगा अंगापिंडाने भरलेला. आम्ही चौघंपाचजणं त्याला कुठून धरावं याचा विचार करत होतो, तेवढ्यात माथाडी पुढे आले. एकाने काखेखालून, एकाने कमरेतून, दोघांनी मांड्यांखालून हात घातले. "दीड गोणी आहे रे," म्हणाले आणि हुप केलं. मुलगा ताडपत्रीच्या मधोमध, डोकं वर, मान वाकडी न होता. आयुष्यभर वजन उचलणाऱ्यांना पाठ कशी सांभाळायची हे शिकवावं लागत नाही. मी इतकी वर्षं वॉर्डात काढली, पेशंट इतक्या अलगद स्ट्रेचरवर गेलेला फार कमी वेळा पाहिलाय.

दोन्ही ड्रम ओतले, बर्फाच्या दोन्ही बादल्या ओतल्या. माथाडी कडा वरखाली करत पाणी घुसळत राहिले, म्हणजे अंगाजवळचं पाणी कोमट होऊन बसत नाही. बर्फ बघता बघता विरघळला. एवढा ताप असलेल्या अंगाला दोन बादल्या काहीच नाहीत. जेट्टीच्या तोंडाशी एक कोळीण टेम्पोची वाट बघत बसली होती, शेजारी थर्माकोलचे डबे. मी धावत गेले. काय झालंय ते तिला लांबूनच दिसत होतं. "पैशाचं मागनं बघू गो बाय, तू ने," म्हणाली आणि डब्याचं झाकण उघडलं. मासळीचा कुटलेला बर्फ. त्यात बोंबलाचं एखादं शेपूटही असेल, कोण बघतंय.

डॉक्टर एका बाजूने १०८ ला फोन करून झाले होते. अँब्युलन्स आली, आतून तिचे डॉक्टर उतरले. नातेवाईक असते तर त्यांनी त्या क्षणी पेशंट उचलून गाडीत घालायला लावला असता, आणि गटाचे म्होरकेही तेच म्हणत होते: "अहो, गाडी आलीय ना, मग थांबलाय कशाला?" आमच्या डॉक्टरांनी आकडा सांगितला, १०३.६. अँब्युलन्सच्या डॉक्टरांनी मान डोलावली, सलाईनची तयारी केली आणि ताडपत्रीशेजारी उभे राहिले. हॉस्पिटलला फोन करून पुढची तयारी करायला सांगितली. त्या उभ्या राहण्याचं मला फार कौतुक वाटलं. काहीतरी करून दाखवायचा मोह अशा वेळी भल्याभल्यांना आवरत नाही.

विसाव्या-बाविसाव्या मिनिटाला १०२ झाला. इथे थांबायचं असतं, कारण पुढे अंग आपोआप अजून उतरतं आणि जास्त गार केलं तर उलटं नुकसान. मुलगा कुडकुडायला लागला. डोळे उघडले, आजूबाजूला कडा धरून उभे असलेले चार अनोळखी चेहरे बघितले आणि विचारलं, "हा मासळीचा वास कसला?"

आमचा मुकादम खो खो हसत सुटला. मग मुलाला गाडीत चढवलं.

हॉस्पिटलात दोन दिवस ठेवलं, रक्तातले स्नायूंचे, यकृताचे, मूत्रपिंडाचे आकडे पुन्हा पुन्हा पाहिले, वाढले होते पण उतरणीला लागले. मी भेटायला गेले तेव्हा त्याची बायको म्हणाली, शुक्रवारी ह्यांना ताप होता, जुलाब झाले होते. शनिवारी रात्री सर्दीची गोळी घेऊन झोपले. मी म्हटलं, "मग आला कशाला?" तो खाली बघून म्हणाला, "सिस्टर, चाळीसजणांनी किलोमीटरवर पैसे लावलेत. नाही पळालो तर तुमच्या पट्ट्या कुठून येणार?"

ह्यावर मला राग यावा की रडू, ते कळेना. पण त्याच्या मॅनेजरचा मेसेज त्याने दाखवला तेव्हा मात्र रागच आला. चौकशी होती, आणि शेवटी: सोळाचे धरू की एकवीसचे?

गटाच्या पुढच्या बैठकीला मी गेले. माझं म्हणणं सरळ होतं. पैसे अंतरावर लावायचे नाहीत. धावायच्या आधी द्यायचे, मग माणूस धावो, चालो, की टेबलामागे उभा राहून केळी सोलो. आजारी असेल त्याने घरी बसावं आणि त्याचे पैसे तसेच राहावेत. म्होरक्यांना ते पटलं नाही. किलोमीटरचा हिशोब असला की देणारा चढाओढीने देतो, एकरकमी मागितलं की शंभर टेकवतो, हे त्यांचं म्हणणं, आणि ते खोटंही नाही. बराच वाद झाला. शेवटी तो मुलगाच उठला, आणि त्याने मुकादमाला बोलायला सांगितलं. मुकादमाला सभेत बोलायची सवय नाही. त्याने त्याच्या गड्याची गोष्ट चार वाक्यांत सांगितली आणि खाली बसला. पुढे मतदान वगैरे काही झालं नाही, फॉर्मवरचा किलोमीटरचा रकाना तेवढा गेला.

यंदा रक्कम गेल्या वर्षीपेक्षा कमी आली. पट्ट्या पुरतील, भाड्याचं बघावं लागेल. जुन्या ताडपत्रीच्या कडेची दोन भोकं त्या दिवशी फाटली, म्हणून नवीन दोन घेतल्या. एक दवाखान्यात, एक मार्केटमध्ये टोळीच्या बसायच्या जागी, बर्फ कुठून आणायचा हे ठरवून. सोबत एक थर्मामीटरही दिला. तो कुठे लावायचा हे ऐकल्यावर मुकादमाने असं काही तोंड केलं की विचारू नका. "सिस्टर, हे कोण करणार?" म्हणाला. मी म्हटलं, "तूच." थर्मामीटर त्याने ठेवून घेतला, पण फडक्यात गुंडाळून, आणि आपल्या पानाच्या डब्यापासून चांगला लांब.