केवडा, युरिया आणि वस्तीवरची विहीर

आमची वस्ती वाळवा तालुक्यात, चोहोबाजूंनी ऊस. एप्रिल 2023 मध्ये घरात तान्हं बाळ येणार म्हणून विहिरीचं पाणी तपासायला दिलं. नायट्रेट निघालं लिटरला 68 मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्यात 45 च्या वर नको. असल्या पाण्यात पावडरचं दूध कालवून पाजलं तर बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद कमी होते. गोठा आणि शोषखड्डा दोन्ही विहिरीपासून लांब. राहिलं उसाचं खत. त्यातल्या नत्राचंच (नायट्रोजनचं) मातीत नायट्रेट होतं.

त्या रात्री मी पहिल्यांदा खताचा हिशोब मांडला. आडसालीला, म्हणजे पावसाळ्यात लावून दीड वर्षानं तुटणाऱ्या उसाला, एकरी दहा पोती युरिया, चार डीएपी, तीन 10:26:26 हे मिश्रखत. युरियाच्या 45 किलोच्या पोत्यात नत्र पावणेएकवीस किलोच्या आसपास, म्हणजे दहा पोत्यांत 207. डीएपी टाकतात स्फुरदासाठी (फॉस्फरससाठी), पण त्यातही नत्र असतं, एका पोत्यात नऊ किलो, हे आमच्याकडं कुणी मोजतच नाही. सगळं मिळून 258 झालं. कृषी विद्यापीठाची आडसालीची नत्राची शिफारस हेक्टरी 400, म्हणजे एकरी 160 किलो. स्फुरदही 68 च्या जागी 131. बेरीज चुकली असेल म्हणून दोनदा केली.

आबांना सांगितलं तर म्हणाले, "अरे, रान पिवळं पडतंय, म्हणून टाकतोय ना!"

सरकारी माती तपासणीचं कार्ड घरात होतं, पण बागायतीत त्याचा नमुना अडीच हेक्टरच्या चौकटीला एक घेतात. आमच्या चौकटीतला नमुना निघाला होता शेजारच्या रानातून. मग स्वतःच माती काढली. पहिला नमुना वाया घालवला: लोखंडी कुदळ वापरली आणि एक खड्डा नेमका जुन्या उकिरड्याच्या जागी घेतला. लोह तपासायचं आणि लोखंडानं खरवडायचं! दुसऱ्यांदा नागमोडी चालत बारा ठिकाणी वीतभर खोल व्ही आकाराचे खड्डे घेतले, बांबूच्या कांबीनं कडेची माती खरवडली, घमेल्याऐवजी गोणपाटावर कालवली, चार वाटे करून समोरासमोरचे दोन टाकत गेलो आणि शेवटी अर्धा किलो कापडी पिशवीत भरली.

सेंद्रिय कर्ब 0.52 टक्के, स्फुरद आणि पालाश (पोटॅश) भरपूर, लोह आणि जस्त कमी. कृषी सहायकांना रानात आणलं. त्यांनी शेंड्याचं पान उन्हाला धरलं. शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा.

"हा केवडा आहे. नत्र कमी असतं तर आधी खालची जुनी पानं पिवळी पडली असती. लोह कमी पडलंय, आणि तुम्ही त्यावर युरिया आणि डीएपी ओतताय. स्फुरद जादा झालं की लोह, जस्त आणखीच अडकतं."

म्हणजे इतकी वर्षं औषध भलत्याच दुखण्याला चाललं होतं.

जुलैच्या लागणीला एकरी सात पोती युरिया, दोन डीएपी, एक पोटॅश ठरवलं. लोहासाठी दहा किलो हिराकस आणि जस्तासाठी आठ किलो झिंक सल्फेट शेणखतात पाच-सहा दिवस मुरवून सरीत दिलं. दुकानदार म्हणाला, युरियाबरोबर टॉनिकची बाटली घ्यावीच लागेल. या लिंकिंगवर मी वेगळं लिहीन, आता डोकं तापवून घेत नाही. युरियाचे चार हप्ते केले: लागणीला दहा टक्के, दीड-दोन महिन्यांनी चाळीस, मग दहा, मोठ्या बांधणीला, म्हणजे उसाला मातीची भर लावताना, चाळीस. दर वेळी मातीआड केला, कारण उघड्यावरचा युरिया अमोनिया होऊन उडतो. खरी चूक पाण्याची होती. खत टाकलं की आम्ही सरी तुडुंब भरायचो. नायट्रेट मातीला धरून राहत नाही, पाण्याबरोबर खाली उतरतं आणि विहीर गाठतं. आता खतानंतर हलकं पाणी.

तीन पोती युरिया वाचली त्याचे एकरी 799 रुपये 50 पैसे. एवढ्यासाठी कोण हात आखडता घेईल? पैसे वाचले ते डीएपी आणि 10:26:26 मध्ये.

ऊस जानेवारी 2025 मध्ये तुटला. एकरी 51 टन, आधी 52 होता. मे महिन्यात विहीर पुन्हा तपासली: 61. आधीच खाली उतरलेलं अजून झिरपतंय. बाळाला पाणी जारचंच. आबा त्या एका टनाचं नाव अजून रोज जेवताना काढतात.