नॅशव्हिलचे 'टूट्सीज ऑर्किड लाउंज': कंट्री संगीताच्या जुन्या घरी एक दुपार

अमेरिकेतील अटलांटाहून नॅशव्हिल हे शहर मोटारीने सुमारे चार तासांवर आहे, आणि वाटेत घड्याळ एक तास मागे जात असल्यामुळे सकाळी लवकर निघालेला माणूस दुपारच्या आत ब्रॉडवे या रस्त्यावर सहज पोहोचतो. आम्ही दोघे असेच पोहोचलो आणि प्रथम रायमन सभागृह पाहिले. माझ्या मते हाच क्रम योग्य आहे, कारण रायमन पाहिल्याशिवाय त्याच्या मागच्या टूट्सीज या गुत्त्याचे महत्त्व नीट उमगत नाही.

1892 साली प्रार्थनामंदिर म्हणून उघडलेल्या या वास्तूत 1943 ते 1974 या काळात 'ग्रँड ओल ऑप्री' हा कंट्री, म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण भागात रुजलेल्या संगीताचा प्रसिद्ध रेडिओ कार्यक्रम होत असे. आत मद्य मिळत नसे, त्यामुळे दोन गाण्यांच्या मधल्या वेळात कलावंत मागच्या दाराने बाहेर पडत, अरुंद बोळ ओलांडत आणि समोरच्या गुत्त्याच्या मागच्या दाराने आत शिरत. हॅटी लुईस बेस, म्हणजेच टूट्सी, या बाईंनी 1960 साली हा गुत्ता विकत घेतला. रंगाऱ्याने तो अनपेक्षितपणे ऑर्किडच्या फुलासारखा जांभळट रंगवून ठेवला आणि त्यावरूनच त्याला आजचे नाव मिळाले, असे सांगतात. हातात पैसे नसलेल्या गीतकारांना टूट्सीबाई उधारीवर खाऊपिऊ घालत आणि त्यांच्या चिठ्ठ्या सिगारच्या खोक्यात जपून ठेवत. पुढे विख्यात झालेले कंट्री गायक-गीतकार विली नेल्सन यांना गीतलेखनाची पहिली नोकरी मिळाली, तीही इथल्याच ओळखीतून. भिंतींवर दाटीवाटीने लावलेली छायाचित्रे मी बराच वेळ पाहत राहिलो. एके काळी ज्यांची उधारी इथे थकली असेल, अशांचेही चेहरे त्यांत होते, हे जाणवून मन भरून आले.

प्रवेशाला तिकीट नाही. सकाळपासून मध्यरात्र उलटेपर्यंत एकामागून एक वाद्यवृंद साधारण चार-चार तासांच्या पाळ्यांनी वाजवतात आणि त्यांच्या मिळकतीचा मोठा भाग श्रोत्यांच्या बक्षिसीतून येतो. मधूनच वादकांपैकी कोणीतरी बादली घेऊन गर्दीत फिरतो. आपल्याकडे फडावर दौलतजादा होई, त्याची मला तेव्हा आठवण झाली. म्हणून एक आणि पाच डॉलरच्या नोटा आधीच मोडून आणाव्यात, फर्माईश करायची असल्यास जरा मोठी नोट द्यावी आणि नुसते ऐकले तरी बादली रिकाम्या हाताने पुढे जाऊ देऊ नये.

रात्री इथे उभे राहायलाही जागा नसते आणि गाण्यापेक्षा गोंगाटच अधिक ऐकू येतो, म्हणून खरोखर ऐकायचे असेल त्यांनी आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी जावे. आम्हाला पुढच्या दाराजवळच्या चिंचोळ्या मंचापासून चार हातांवर जागा मिळाली. पेडल स्टील गिटारवर वादक पायाने पट्ट्या दाबून आणि गुडघ्याने दांडे सरकवून तारांचा ताण बदलतो, त्यातून एक सूर दुसऱ्यात मींडेसारखा वितळत जातो, आणि ते इतक्या जवळून पाहायला मिळणे हे मला या संपूर्ण प्रवासाचे सार्थक वाटले. वरच्या मजल्यांवरही मंच आहेत, परंतु तिथे रॉककडे झुकणारी गाणी अधिक होती. जुन्या वळणाचे कंट्री ऐकण्यासाठी त्याच रांगेत काही दारे पुढे असलेल्या 'रॉबर्ट्स वेस्टर्न वर्ल्ड'मध्ये जावे.

संध्याकाळनंतर 21 वर्षांखालील कोणालाही आत घेत नाहीत, त्यामुळे मुले बरोबर असल्यास दुपारचीच वेळ गाठावी. भारतातून आलेल्यांनी वयाच्या पुराव्यासाठी मूळ पासपोर्ट जवळ ठेवावा. मोटार ब्रॉडवेपासून थोडी दूर लावून चालत आल्यास बरेच पैसे वाचतात. आवाज फार मोठा असल्याने कानात घालायचे बोळे अवश्य न्यावेत. निघताना मागच्या बाजूच्या बोळात वळावे, कारण दोन दारांमधले ते अंतर मोजक्याच पावलांचे आहे आणि ते स्वतः चालून पाहण्यासारखे आहे.