डिस्पोजलची जिप्सी, पाच हजारांची 'फाईल' आणि बिजासन घाट

गेल्या रविवारी रात्री साडेअकराला नाशिकच्या द्वारका चौकात पोचलो. अंगात अजून जिप्सीचे कमानपाटे वाजताहेत, त्यामुळे पुढचं लिखाण कडू वाटलं तर समजून घ्या. भाच्यासाठी मिलिटरी डिस्पोजलची, म्हणजे सैन्यातून बाद झालेली गाडी घ्यायला हरियाणातल्या डबवालीला गेलो होतो आणि ती चालवत नाशिकला आणली. पुन्हा घेईन का? हो. पुन्हा चालवत आणीन का? मुळीच नाही. ट्रकवर चढवून मागवीन आणि मी रेल्वेने झोपून येईन.

भाचा यंदा अठरा पूर्ण झाला. देवळाली कॅम्पच्या रस्त्यावर तोफखान्याचे ट्रक बघत वाढलेलं पोर, त्याला शोरूमची हॅचबॅक कशी आवडणार? त्याचं पहिलं मागणं थेट शक्तिमान ट्रकचं होतं. जबलपूरच्या कारखान्यात जर्मन 'मान' कंपनीच्या परवान्यावर १९५९ पासून बनलेला तो ट्रक. ताईने माझ्याकडे पाहिलं, मी कायदा काढला. ट्रान्सपोर्ट गाडीचा परवाना वीस वर्षं पूर्ण होण्याआधी मिळत नाही, आणि त्याआधी हलक्या गाडीचा परवाना वर्षभर हातात असावा लागतो. मग जोंगावर, सैन्याच्या जुन्या जीपवर आला. जोंगाचं सहा सिलिंडरचं ३,९५६ सीसीचं पेट्रोल इंजिन. खिशातून पेट्रोल पिणारं जनावर. ते पाहून तो स्वतःच गप्प झाला. उरली जिप्सी, १.३ लिटरची. त्यावर तह झाला.

आणि पोर सतरा वर्षांचं असताना 'गल्लीतच तर फिरवतो' म्हणून चावी देणाऱ्या मामा-काकांसाठी: २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १९९अ आहे. पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि पोराला पंचविशीपर्यंत परवाना नाही. आम्ही अठरावा वाढदिवस आणि पक्कं लायसन्स होईपर्यंत थांबलो.

पहिली फसवणूक नाशिकातच झाली. 'कॅम्पात ओळख आहे, आतून काढून देतो' म्हणणारा एक जण भेटला. दोन हजार 'एन्ट्री'चे घेतले आणि फोन उचलणं बंद केलं. नीट ऐका: कोणतीही छावणी गेटवर गाडी विकत नाही. बाद झालेल्या गाड्या एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावात निघतात, अनामत भरून, 'जसं आहे, जिथं आहे' या अटीवर, आणि बऱ्याचदा पाच-दहा गाड्यांच्या लॉटमध्ये. आपल्याला हवी एक, घ्यावा लागतो ढीग. म्हणून मधला व्यापारी. आणि म्हणून डबवाली, जिथे जुन्या जीप उघडून नव्याने बांधण्याचा धंदाच आहे.

जाणं सोपं आहे. रात्री नाशिक रोडला पंजाब मेल पकडा, तिसऱ्या दिवशी पहाटे भटिंडा, तिथून बस. एवढंच.

व्यापाऱ्याने व्हिडिओत दाखवलेली गाडी अंगणात उभी होती. टॉप नवा, टायर काळेकुळकुळीत, पोराचे डोळे चमकले. मी घरून तारेचा ब्रश नेला होता, तुम्हीही न्या. चेसिसच्या पट्टीवरचा गंज घासला आणि नंबर कागदाशी ताडला. दोन आकडे जुळेनात. व्यापारी म्हणाला, 'क्लर्क की मिस्टेक है जी, हो जाएगा.' होत नाही! ती गाडी नाशिकला आणली असती तर पेठ रोडवर आरटीओच्या तपासणीत पहिल्या पाच मिनिटांत उताणी पडली असती. चेसिस जुळत नसेल तर चहासुद्धा न पिता उठा.

दुसरी गाडी कोपऱ्यात धूळ खात होती. २०१२चं मॉडेल, मीटरवर ४१,००० किलोमीटर, चेसिस आणि इंजिन दोन्ही नंबर जुळले. लिलावानंतर तिथेच नागरी नोंदणी झालेली. नसती झाली, तर फॉर्म २१ मधलं मूळ विक्री प्रमाणपत्र लागतं, माजी सैनिकी गाड्यांसाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम ४७ मध्ये ते वेगळं लिहिलेलं आहे. त्याची झेरॉक्स दाखवून कुणी 'ओरिजिनल मागून कुरिअर करतो' म्हणाला तर मूळ कागद येईपर्यंत पैसे खिशात ठेवा. नोंदणी झालेली असेल तर फॉर्म २८ची एनओसी, आणि २९ व ३० वर आरसीतल्या मालकाची सही. व्यापाऱ्याची सही चालत नाही. आमच्या आरसीवरचा मालक व्यापाऱ्याचा मेहुणा निघाला, त्याला शेतातून बोलवावं लागलं.

आता 'फाईल'. ठरलेला भाव २ लाख ८५ हजार. पैसे मोजून झाल्यावर व्यापारी म्हणाला, फाईलचे पाच हजार. मी म्हटलं, फाईल म्हणजे काय? त्याने प्लास्टिकचं निळं फोल्डर दाखवलं. मी हसलो, तो हसला नाही. एनओसीचे वेगळे नऊ. स्पेअर टायर 'भावात नव्हता', त्याचे तीन. गाडीबरोबरच्या जेरीकॅनचे पाचशे. बॅटरी तर संध्याकाळपर्यंत बदलून गेली होती, सकाळी नवी होती ती जुनी झाली! तासभर भांडलो, एनओसीत दोन हजार सुटले, फाईलचा एक रुपया सुटला नाही. ते निळं फोल्डर आत्ता माझ्यासमोर आहे. आमच्याकडे स्टेशनरीवाल्याकडे चाळीस रुपयांना मिळतं. त्यामुळे भाव ठरवताना एकच वाक्य बोला आणि कागदावर लिहून घ्या: 'एनओसी, पाच टायर, बॅटरीसकट, नाशिककराच्या हातात.' बॅटरीचा फोटो काढून ठेवा.

रस्ता: सिरसा, हिसार, सीकर, जयपूर, टोंक, कोटा, झालावाड, बियावरा, देवास, इंदूर, धुळे. साधारण दीड हजार किलोमीटर. रोहतक-दिल्लीकडून मुळीच येऊ नका. तो राजधानी क्षेत्राचा पट्टा आहे, तिथे पंधरा वर्षांवरच्या जुन्या पेट्रोल गाडीवर कारवाई होऊ शकते आणि डिस्पोजलच्या बहुतेक गाड्या त्या उंबरठ्यावरच असतात. फास्टॅग आधी लावा, नाहीतर जास्तीचा टोल. विमा विक्रेत्याच्या नावावर असतो, तो चौदा दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्या.

सीकर ते कोटा छान रस्ता. कोटा ते इंदूर ठीक. पराठे चांगले होते. पुढे.

गाडीने मात्र पहिल्या दिवसापासून गुण दाखवले. सत्तरच्या पुढे स्टेअरिंग थरथरायचं, पोराला वाटलं टायरमध्ये हवा कमी. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. आमच्यावर लिहिलं होतं ३११३. नक्षी पूर्ण, रबर दगड. एका जागी वर्षानुवर्षं उभं राहून टायर चपटे झालेले. जयपूरच्या अलीकडे दोनदा बंद पडली, कारण टाकीच्या तळाशी गंज, तो फिल्टरमध्ये. तेव्हाच डोक्यात शिरायला हवं होतं. आपण जुनी गाडी घेताना मीटर बघतो. डिस्पोजलच्या गाडीत मीटरला काही अर्थ नाही. धावलेल्या गाडीला भिऊ नका, उभ्या राहिलेल्या गाडीला भ्या. रबर, सील, टाकी आणि ब्रेक ऑइल, हे सगळं उभं राहून मरतं.

ब्रेक ऑइल हा शब्द लिहितानाही हात गार पडतात.

इंदूर सोडल्यावर खलघाटच्या आधी गणपती घाट लागतो. तिथे मी चालवत होतो. अर्ध्या उतारावर पेडल नेहमीपेक्षा दोन बोटं खाली गेलं. खाली सपाटीला आल्यावर पुन्हा नीट. मी म्हटलं, लायनर अॅडजस्ट करायला झालेत, धुळ्यात बघू. नर्मदा ओलांडली, चहा प्यायलो. आणि सेंधव्याच्या पुढे बिजासन घाटात, 'घाट शिकायचा तर इथेच' म्हणून, मी चावी भाच्याला दिली. ही अक्कल माझी. ताईला हे सांगितलेलं नाही. ती हे वाचत नाही असं धरून चालतो.

घाटाचा उतार महाराष्ट्राकडे आहे. खाली पळासनेर. २०२३च्या जुलैत ब्रेक निकामी झालेला कंटेनर याच उतारावरून येऊन पळासनेरच्या हॉटेलात घुसला होता, माणसं गेली होती. हे मला माहीत होतं, तरी पोर चौथ्या गियरमध्ये ब्रेक चेपत उतरत होतं आणि मी फोनवर टोलचा मेसेज बघत होतो. तेवढ्यात तो शांतपणे म्हणाला, 'मामा, पेडल खाली टेकतंय.'

पुढे कापसाने भरलेला ट्रक. मागे टँकर. वेग साठ. मी ओरडलो, काय ओरडलो आठवत नाही. पोराने मात्र पेडल दोन-तीनदा पंप केलं, चौथ्यातून तिसऱ्यात, इंजिन किंचाळलं, मग दुसऱ्यात, आणि हँडब्रेक बटण दाबून धरून हप्त्याहप्त्याने ओढला. एकदम ओढला असता तर ती उंच, आखूड गाडी आडवी झाली असती. डावीकडे कच्च्या पट्टीवर घेतली, चाकाखाली खडी लागली आणि गाडी थांबली. मी उतरून चाकामागे दगड लावला. पुढची चाकं तव्यासारखी तापली होती.

वीस मिनिटांनी पेडल पुन्हा कडक! इथेच माणूस फसतो. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट ३ दर्जाचं ऑइल नवं असताना २०५ अंशांना उकळतं, पाणी मुरलेलं असेल तर १४० लाच. उतारावर सतत ब्रेक दाबला की ते कॅलिपरमध्ये उकळतं, वाफ होते, आणि वाफ दाबली जाते, पॅड दाबले जात नाहीत. गार झालं की वाफेचं पुन्हा ऑइल, पेडल जागेवर, आणि तुम्ही म्हणता 'धुळ्यात बघू'.

उरलेला घाट मी चालवला. ट्रान्सफर केसचा, म्हणजे फोर-व्हील ड्राइव्हचा दांडा ४एल या सर्वात खालच्या गियरवर टाकला आणि पुढच्या चाकांचे हब, म्हणजे चाकं अॅक्सलला जोडणारी कुलपं, मुद्दाम मोकळे ठेवले. दांडा ४एल वर असला तरी हब मोकळे असतील तर जोर मागच्याच चाकांवर येतो, त्यामुळे डांबरावर गाडी अडकत नाही, आणि खालचं गियर इंजिनच्या ब्रेकने धरून ठेवतं. पंधराच्या वेगाने उतरलो. मागच्यांनी हॉर्नचा बँड वाजवला. वाजवू दे.

शिरपुरात एका फिटरने ब्रेक ऑइलची टाकी उघडून दाखवली. ऑइल नव्हतं, उकळून काळा केलेला चहा होता. सगळं काढलं, डॉट ४ भरलं, चारही चाकांची हवा काढली, मागच्या एका व्हील सिलिंडरचं किट बदललं. अकराशे रुपये. व्यापाऱ्याच्या निळ्या फोल्डरच्या पाव किमतीत दोन जीव. हे काम डबवालीत, गाडी हलवण्याआधी, स्वतः उभं राहून करून घ्या. 'अभी डाला है जी' ऐकून घेऊ नका. पुढचा राहूड घाट चढणीचा, तिथे फक्त इंजिन तापलं.

पहिली गाडी म्हणून जिप्सी द्यावी का, हे बरेच जण विचारतील. एअरबॅग नाही, एबीएस नाही, मागच्या आडव्या बाकांवर पट्टा नाही, आमच्या गाडीला पॉवर स्टेअरिंगही नाही. पोराला वेगाची हौस असेल तर नको. आमच्या गाडीला नव्वदच्या पुढे जाताच येत नाही, हा मी गुण मानतो. आणि पाना धरायची तयारी नसेल तर अजिबातच नको.

शेवटचा धक्का रंगाचा. ज्या हिरव्या रंगासाठी हा सगळा खटाटोप, तोच रंग खासगी गाडीला बेकायदा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२१, ऑलिव्ह ग्रीन फक्त संरक्षण खात्याला. व्यापाऱ्याने आरसीवर 'ग्रीन' लिहून गाडी तशीच ठेवली होती. 'हमारे यहाँ सब चलता है.' इथे कशाला चालवायचं? आता ती अंबडला पेंटरकडे आहे, आरसीत बदल, मग महाराष्ट्राचा कर, मग एमएच १५.

काल पेंटरचा फोन आला. मागचं दार घासताना खालून जुना सैनिकी नंबर निघाला. सैन्याच्या नंबरात आधी वर तोंड केलेला बाण असतो आणि त्यापुढचे दोन आकडे खरेदीचं वर्ष सांगतात. आमच्या दारावर बाणापुढे ०८ आहे. गाडी २०१२ची, दार २००८चं. मी व्यापाऱ्याला फोन लावायला निघालो होतो, पण भाचा दारासमोर बसून त्या बाणाचे फोटो काढत होता. तो पेंटरला विचारत होता, एवढा चौकोन तसाच ठेवता येईल का. पेंटर म्हणाला, नाही.