हातात किती येतो?

अंधेरीच्या एमआयडीसीतल्या एका पॅकेजिंग कंपनीत मी पगार काढते. माणूस कामाला लागला की त्याची पहिली स्लिप आणि सोडून गेला की शेवटचा हिशेब, दोन्ही माझ्याच टेबलावरून जातात. त्यामुळे कोणाच्या घरी काय चाललंय हे न विचारताही बरंच कळतं. कोणी पतपेढीचं कर्ज काढतं, कोणी पीएफच्या फॉर्मवर नॉमिनी बदलतं. नॉमिनी बदलला की मी काही बोलत नाही, पण समजायचं ते समजते.

आमच्या एका शिफ्ट सुपरवायझरने एकाच आठवड्यात दोन अर्ज दिले. पहिला पीएफची ऐच्छिक कपात महिन्याला १४,००० रुपये करण्याचा. दुसरा पतपेढीच्या कर्जाचा, हप्ता २०,०००. दोन्ही अर्ज नियमात बसणारे, मी लावून टाकले. ओव्हरटाइम धरून ५२,००० पगार असलेल्या माणसाच्या हातात १४,९२० रुपये यायला लागले. घरात लग्नबिग्न असेल असं मला वाटलं. पण लग्न काढलेला माणूस एकीकडे कर्ज घेऊन दुसरीकडे पीएफमध्ये बचत कशाला वाढवेल? हे मनात आलं होतं, पण विचारायचं माझं काम नव्हतं.

थोड्या दिवसांनी तो दाखला मागायला आला.

"मॅडम, हातात किती येतो तेवढंच लिहा. ग्रॉस नको."

"कशासाठी हवाय?"

"बँकेसाठी."

बँक आधी ग्रॉसच बघते. मी सांगितलं, आमच्याकडे दाखला एकाच छापाचा असतो, त्यात दोन्ही आकडे येतात. मग नकोच म्हणाला आणि गेला. स्लिपा त्याच्याकडे होत्याच.

नंतर वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयाचं समन्स आलं. आमच्या साहेबांचा चेहरा उतरला, कंपनीवरच केस झाली की काय! कंपनीच्या वकिलांनी फोनवर समजावलं. केस नवरा-बायकोची आहे, मुलीच्या पोटगीची. कंपनीने पगाराची कागदपत्रं घेऊन हजर राहायचं, बास. समन्स घेऊन गप्प बसलात तर मात्र साक्षीदारावर वॉरंट निघू शकतं. पाठवणार कोणाला, तर मला.

वांद्रे स्टेशनच्या पूर्वेला उतरून शेअर रिक्षाने बीकेसीत गेले. आजूबाजूला बँकांच्या काचेच्या इमारती आणि त्यांच्यामध्ये हे कोर्ट. आत मात्र सरकारी दवाखान्याच्या ओपीडीसारखी गर्दी. बोर्डावर आमचा नंबर बराच खाली होता. पुकारा होईपर्यंत पगाराच्या फायली मांडीवर घेऊन बाकावर बसले.

शेजारी एक बाई आणि तिची वकील. ही सुपरवायझरची बायको हे बोलण्यावरून कळलं, आणि मी कोण हे तिला माझ्या फायलींवरच्या कंपनीच्या नावावरून. दोघी क्षणभर अवघडलो. मग तीच म्हणाली, "ताई, तुम्ही आलात ते बरं झालं. तो म्हणतो हातात काहीच येत नाही."

साक्ष होईपर्यंत तिच्याशी बोलणं बरं नव्हे, म्हणून मी नुसती मान हलवली. कान मात्र बंद करता येत नाहीत. मुलगी नऊ वर्षांची, भांडुपला आजी-आजोबांकडे वाढतेय. आई एका पॉलीक्लिनिकमध्ये रिसेप्शनला, पगार १६,०००. दोन वर्षं तिने अर्जच केला नव्हता. कमावत्या बाईला पोटगी मागता येत नाही असं कोणी तरी सांगितलेलं. त्यातून वेगळं होताना 'मला काही नको' असं स्टँप पेपरवर लिहून दिलेलं. वकीलबाई तिच्यावर चिडल्या नाहीत, पण आवाज चढला होता. "तुझं तू सोडू शकतेस. मुलीचं सोडायचा हक्क तुला कोणी दिला?" आई कमावती असली तरी बापाची जबाबदारी संपत नाही, दोघांनी आपापल्या कमाईच्या प्रमाणात वाटा उचलायचा, हे सुप्रीम कोर्टाने २००० सालीच सांगितलंय म्हणे. आई-बापाचं लग्न झालेलं नसलं तरी मुलाचा हक्क तोच.

मग त्यांनी जे सांगितलं ते मी नंतर आमच्या लंचरूममध्ये कितीतरी जणींना सांगितलंय. सुप्रीम कोर्टाच्या २०२० च्या निकालानंतर पोटगी साधारणपणे अर्जाच्या तारखेपासून धरतात. मूल आईकडे आलं त्या तारखेपासून नाही. अर्जाआधीची दोन वर्षं भावाच्या पैशांवर काढली, ती गेली. या बाईचा अर्ज फौजदारी कायद्यातला. जुन्या कायद्यात कलम १२५ होतं, १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत ते १४४ झालंय. कोर्टात अजून सगळे 'एकशेपंचवीस'च म्हणतात. पूर्वी या कलमात महिन्याला ५०० रुपयांच्या वर पोटगीच देता येत नसे, ती मर्यादा २००१ मध्ये उठली. अंतरिम, म्हणजे अंतिम निकाल लागेपर्यंतच्या, पोटगीचा अर्ज समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढायचा, असं कायदा म्हणतो. त्या 'शक्यतो'त काय काय मावतं ते बाकावर बसल्यावर कळतं.

सुरुवातीच्या तारखांना ती एकटीच उभी राहिली होती. कुटुंब न्यायालयात वकील हा हक्क नाही, कोर्टाच्या परवानगीने उभा राहतो. समुपदेशकांसमोर बोलणं चालू होतं तोवर तिचं एकटीचं भागलंही. समोरून १४,९२० च्या स्लिपा आल्या आणि ती गडबडली. तेव्हा कोणी तरी विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवलं. बायकांना आणि मुलांना तिथे मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही, हेही तिला तोवर माहीत नव्हतं. "तोंडी भांडण आहे तोवर समुपदेशक पुरे," वकीलबाई म्हणाल्या, "समोरून कागद आला की वकिलाशिवाय पुढची तारीख घेऊ नये."

पुकारा झाला. सुपरवायझर समोरच उभा होता, माझ्याकडे बघत नव्हता. शपथ झाली. बारा महिन्यांचं पगारपत्रक मी पुढे केलं. न्यायाधीश बाईंनी चष्मा वर करून दोन्ही शपथपत्रं शेजारी ठेवली. उत्पन्न, मालमत्ता, कर्जं, खर्च असं सगळं दोन्ही बाजूंनी शपथेवर भरून द्यावं लागतं, तेही त्याच २०२० च्या निकालापासून. तिच्या शपथपत्रात क्लिनिकचा पगार होता. त्याच्यात नुसता हातात येणारा आकडा.

"ही २०,००० ची कपात कंपनीने लावली का?"

"नाही. त्यांनी पतपेढीचं कर्ज घेतलंय. आम्ही हप्ता कापतो."

"आणि हे १४,०००?"

"ऐच्छिक पीएफ. त्यांच्या अर्जावरून."

"अर्ज आणलेत?"

आणले होते. तारखा बघितल्या, नोटीस बजावल्याची तारीख बघितली. दोन्ही अर्ज नोटिशीच्या पुढच्याच आठवड्यातले. त्याचे वकील उठून म्हणाले, कर्ज काढणं हा काही गुन्हा नाही. न्यायाधीश बाई म्हणाल्या, "गुन्हा नाहीच. पण सक्तीची कपात कोणती आणि त्यांनी स्वतः लावून घेतलेली कोणती, एवढं मला समजू द्या." सक्तीची म्हणजे पीएफचे २,८८० आणि व्यवसाय कराचे २००. ते वजा जाता ४८,९२०. हे मी मोठ्याने वाचलं तेव्हा पहिल्यांदा त्याने माझ्याकडे बघितलं.

त्याची बाजू अगदीच पोकळ होती असं मी म्हणणार नाही. मुलीला भेटू देत नाहीत, ही त्याची तक्रार खरी असावी, कारण ती सांगताना त्याचा आवाज बदलला. कोर्टाने त्याला भेटीचा वेगळा अर्ज करायला सांगितलं. भेट दिली तर पैसे, पैसे दिले तर भेट, असा सौदा दोन्हीकडून चालत नाही. मग नोकरीच सोडतो, असं बाहेर कोणाला तरी म्हणाला. त्याच्या वकिलांनीच त्याला गप्प केलं. धडधाकट माणसाने अंगमेहनत करूनही बायकापोरांना पोसलं पाहिजे असं सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये म्हटलंय, हे त्यांना माहीत असणारच.

मुलीसाठी महिना ११,००० आणि शाळेच्या फीचा अर्धा वाटा, अर्जाच्या तारखेपासून, असा अंतरिम हुकूम झाला. त्याने काही महिने दिले, मग थांबवले. थकलेल्या पोटगीच्या वसुलीच्या वॉरंटसाठी ती देय झाल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. हे त्या बाईला या वेळी माहीत होतं.

तिने वेळेत अर्ज केला आणि पगार जप्तीचा हुकूम एक दिवस माझ्या टेबलावर आला. इतर देण्यांपेक्षा पोटगीची वसुली कडक. कर्मचाऱ्याला पगाराचा एक तृतीयांश भाग राहिला पाहिजे, बाकीच्याला हात लावता येतो. हुकूम डावलून कंपनीने सगळा पगार त्याला देऊन टाकला तर तेवढी रक्कम कंपनीच्या अंगावर येते. पीएफमध्ये साठलेल्या पैशांना मात्र जप्ती लागत नाही. त्याला १४,००० ची युक्ती कोणी शिकवली असेल याचा अंदाज मला तेव्हा आला. पतपेढीचा हप्ता आणि कोर्टाची कपात एकत्र कशी बसवायची हे कंपनीच्या वकिलांकडून लेखी मागवलं. असल्या बाबतीत माझ्या अनुभवावर मी काहीही करत नाही. त्याने ऐच्छिक पीएफ बंद करायचा अर्ज आपणहून दिला.

पहिली कपात झाली त्या दिवशी तो आला. मला वाटलं भांडायला.

"मॅडम, स्लिपवर 'कोर्ट कपात' येतंय. स्लिपा फ्लोअरवर वाटतात, पोरं वाचतात."

हे त्याचं बरोबर होतं. मी तिथे 'इतर कपात' केलं. रजिस्टरमध्ये हुकुमाचा नंबर राहतो, स्लिपवर नसला तरी चालतं.

जाता जाता दारातून परत वळला. "आणि या पैशांवर टॅक्स वाचतो का?"

"नाही," मी म्हटलं. "टॅक्ससाठी पगार पूर्णच धरतात."