खाणीतले सुरुंग आणि खडूचा डबा

आमच्या वेळी तुर्भ्याच्या डोंगरात दुपारी सुरुंग लागायचे. मधली सुट्टी संपली की लांबून शिट्टी ऐकू यायची, थोड्या वेळाने बाकाखालची फरशी हलकेच दचकायची आणि मग आवाज यायचा. खिडकीच्या काचांची ती थरथर त्या काळच्या सगळ्याच विद्यार्थ्यांना आठवत असेल.

1993 साली मी नववीत होतो. 30 सप्टेंबरला, विसर्जनाच्या रात्रीनंतर पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. वर्गातल्या दोघांची गावं लातूर-उस्मानाबादकडची. ते कित्येक दिवस शाळेत आले नाहीत. त्याच आठवड्यात विज्ञानाच्या बाईंनी फळ्यावर पृथ्वीची आकृती काढली: भूकवच, प्रावरण, गाभा. मी उभा राहून विचारलं, "बाई, गाभा लोखंडाचा आहे हे कोणी बघितलं?"

"कोणीच नाही," बाई म्हणाल्या. "रशियात कोला इथे सगळ्यात खोल भोक पाडलंय, ते 12 किलोमीटरच्या जरा पुढे जाऊन थांबलं. केंद्र आहे 6,371 किलोमीटरवर. पण मला सांग, तू रोज ज्या खाणीचा आवाज ऐकतोस ती तरी बघितलीस का?"

बघितली नव्हती. ती डोंगराआड होती.

दुसऱ्या दिवशीपासून काम सुरू झालं. पायाला धक्का जाणवला की सेकंद मोजायचे, आवाज आला की थांबायचं आणि आकडा चिठ्ठीवर लिहून खडूच्या रिकाम्या डब्यात टाकायचा. तारीख नसलेली चिठ्ठी बाई सरळ फाडून टाकायच्या. कातळातून धक्का सेकंदाला पाच-सहा किलोमीटर धावतो, हवेतून आवाज सेकंदाला फक्त 340 मीटर. त्यामुळे 4 सेकंदांचा फरक म्हणजे खाण साधारण 1,400 मीटर लांब. एवढ्या साध्या गुणाकाराने न बघितलेली जागा हाती लागली, याचा आनंद मला आजही आठवतो.

मग बाईंनी त्याच खाणीतला काळा दगड आणवला. स्प्रिंग काट्याला टांगून आधी हवेत, मग पाण्यात बुडवून त्याचं वजन घेतलं. दगड पाण्याच्या जेमतेम तिप्पट जड भरला. अख्खी पृथ्वी मात्र सरासरीने पाण्याच्या साडेपाचपट जड आहे. शिशाच्या गोळ्यांमधलं आकर्षण मोजून इंग्रज शास्त्रज्ञ कॅव्हेंडिश यांनी 1798 मध्येच ते काढलं होतं. वरचा दगड एवढा हलका, तर आत काहीतरी फार जड असणारच. लोखंडी उल्का आकाशातून पडतात, पृथ्वीला स्वतःचं चुंबकत्व आहे. जड असून विपुल असा पदार्थ शोधायला गेलं की बोट लोखंडावरच येतं.

आतल्या थरांची खोली मात्र भूकंपांनीच सांगितली. 1897 च्या आसाममधल्या मोठ्या भूकंपाचा अभ्यास भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले रिचर्ड ओल्डहॅम यांनी केला. दूरच्या यंत्रांवरच्या नोंदींत त्यांना लहरींच्या निरनिराळ्या जाती ओळखता आल्या. पुढे 1906 मध्ये पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला लहरी उशिरा पोचतात यावरून त्यांनी गाभा असल्याचं दाखवलं.

बाईंनी आम्हाला मैदानात रांगेत उभं केलं, हात पुढच्याच्या खांद्यावर. मागून ढकललं की धक्का शेवटपर्यंत जायचा, ही प्राथमिक लहर. बाजूला झुकवलं की सगळी रांग डुलायची, ही दुय्यम लहर. मग बाई म्हणाल्या, "आता हात सोडा. तुम्ही द्रव झालात." ढकलल्यावर आम्ही एकमेकांवर आदळलो, धक्का पुढे गेला. डुलणं मात्र पहिल्याच मुलापाशी संपलं. दुय्यम लहरी गाभ्यापलीकडे का पोचत नाहीत, हे मला तिथे मातीत उभं असताना कळलं. सुमारे 2,900 किलोमीटर खाली वितळलेलं लोखंड आहे.

दिवाळीनंतर चिठ्ठ्या वेगळ्या करताना बाई थबकल्या. बहुतेकांवर 4 सेकंद, पण काहींवर 7. आम्हाला वाटलं कोणीतरी चुकीचं मोजलं. बाईंनी तारखा लावून पाहिल्या. त्या दिवशी दोन-तीन मुलांनी वेगवेगळं बसून 7 च लिहिले होते. "म्हणजे मागे दुसरी खाण आहे," त्या म्हणाल्या. वर्गातल्या एकीचे वडील खडीच्या क्रशरवर होते. तिने घरी विचारलं, आणि खरंच होती.

आज मी टीटीसी औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांत वेल्डिंगचे जोड ध्वनिलहरींनी तपासतो. पोलाद न कापता आतली चीर सापडते. याच कामाच्या नादात भूकंपशास्त्रज्ञ इंगे लेमान यांच्याबद्दल वाचलं. भूकंपाच्या जागेपासून (पृथ्वीच्या केंद्राशी होणारा कोन मोजला तर) साधारण 104 ते 140 अंशांच्या पट्ट्यात सरळ प्राथमिक लहरी पोचत नाहीत, कारण द्रव गाभा त्यांना वळवतो. तरीही 1929 च्या न्यूझीलंडच्या भूकंपाच्या नोंदींत त्या पट्ट्यात क्षीण लहरी दिसत होत्या. या डॅनिश बाईंनी त्या चूक म्हणून सोडून दिल्या नाहीत. 1936 मध्ये त्यांनी मांडलं की द्रव गाभ्याच्या आत आणखी एक गाभा आहे आणि लहरी त्याच्यावरून परततात. तो घन आहे, त्याची त्रिज्या सुमारे 1,220 किलोमीटर, हे पुढे पक्कं झालं. भूकंपांच्या नोंदींची कार्डं त्या ओटच्या रिकाम्या खोक्यांत ठेवायच्या. 104 वर्षं जगून त्या फेब्रुवारी 1993 मध्ये गेल्या, आमचा डबा भरायला लागण्याच्या काही महिने आधी.

ते वाचल्यावर मी बाईंना फोन केला. वय झालंय, पण आवाज तसाच खणखणीत आहे. खोक्यांचं सगळं सांगून झालं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग विचारलं, "कार्डांवर तारखा होत्या ना रे?"