हायवे टाळून वाईला

सायकलवरून पहिल्यांदा माहेरी गेले ती हायवेने. कात्रजचा जुना घाट चढले आणि मग सरळ महामार्गाच्या कडेची पांढरी पट्टी धरली. पुण्याहून वाई तशी नव्वदेक किलोमीटर. खंबाटकीचा बोगदा तेव्हा साताऱ्याहून पुण्याला येणाऱ्यांसाठी होता, त्यामुळे जाताना घाटच चढावा लागला. तिथे पहिल्या गिअरमध्ये कण्हत चाललेले ट्रक माझ्याच वेगाने माझ्या शेजारून धूर सोडत होते. घरी पोचले तेव्हा तोंड काळं आणि घसा बसलेला.

आप्पा वाई आगारातून कंडक्टर म्हणून रिटायर झालेत. पाण्याचा तांब्या हातात देत म्हणाले, "एवढी सायकल चालवतेस, आणि ट्रकच्या मागनं येतेस व्हय?" मग त्यांनी त्यांचा नियम सांगितला. ज्या गावाला एसटी मुक्कामाला जाते आणि सकाळी त्याच वाटेने माघारी येते, त्या रस्त्याला वाहन नसतं, कारण पुढे जायचं कुणालाच नसतं. "असे दोन रस्ते जिथं खिंडीनं जोडलेत, ते हुडक."

हुडकायला दोन हिवाळे गेले. मोबाईलचा नकाशा काही केल्या हायवेच दाखवतो, त्याला लवकर पोचायचं असतं. मी उपग्रहाचं चित्र लावून रस्त्याचा पट्टा किती बारीक दिसतो ते बघायला लागले. त्यातही एकदा फसले. भोर तालुक्यात नकाशावर झकास दिसणारी एक वाट धरणाच्या पाण्यात उतरून संपली. काठावर म्हशी धूत असलेले काका एवढंच म्हणाले, "ह्यो रस्ता उन्हाळ्यातच असतो."

मैलाच्या दगडाचा डोक्याकडचा रंग बघायची सवयही तेव्हाच लागली. पिवळा म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, हिरवा म्हणजे राज्यमार्ग, नारिंगी म्हणजे गावाचा रस्ता. नारिंगी दगड दिसला की मी मनातल्या मनात एक चहा जाहीर करते. 2000 च्या डिसेंबरात प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली, तिच्यातले बरेचसे रस्ते हे असे. तोंडाशी पाटी असते, लांबी, खर्च, ठेकेदाराने पाच वर्षं देखभाल करायची वगैरे. पाटीवरची ती पाच वर्षं संपलेली असतील तर मी टायरमधली हवा जरा कमीच ठेवते.

शेवटी ठरलं ते असं: खडकवासला, पानशेत, कादवे खिंडीतून वेल्हे, तिथे मुक्काम. दुसऱ्या दिवशी नसरापूर, भोर, आंबाडखिंड, मांढरदेवीवरून वाई. दीडशेच्या आतबाहेर किलोमीटर. खानापूरवरून पाबे घाटाने वेल्हे जवळ पडतं, पण तोरणा-राजगडला जाणाऱ्या गाड्यांची तिकडे वर्दळ असते. आप्पांची एक अट होती. मंगळवार, शुक्रवार आणि रविवार सोडून ये, त्या दिवशी मांढरदेवीच्या काळूबाईला गर्दी. म्हणून दिवाळीनंतरचा बुधवार-गुरुवार रजा टाकली. ऑफिसात कारण काय सांगितलं ते इथे लिहीत नाही.

बुधवारी पहाटे साडेपाचला सिंहगड रस्त्यावरून निघाले. रविवारी कणसं आणि भज्यांच्या गाड्यांनी भरून जाणारी खडकवासल्याची चौपाटी तेव्हा अगदी रिकामी, धरणावर धुकं. खानापूरनंतर दुधाचे टेम्पो समोरून यायला लागले. पानशेतला मिसळ खाल्ली. 1961 साली फुटलं आणि पुण्यात पूर आला, ते हे धरण. माझ्या सासूबाई अजून कुठलीही गोष्ट पुराच्या आधीची का नंतरची असं विचारतात, त्यामुळे तिथून जाताना त्यांची आठवण येतेच.

पानशेत सोडून कादव्याकडे वळलं की आवाजच बदलतो. आधी मोटारी थांबतात, मग मोटारसायकली, आणि मग स्वतःच्या चेनचा आवाज ऐकू येतो. (माझी कुरकुरत होती. तेल घालायचं राहिलं होतं.) चढ अंगावर येणारा आहे. पुढची चकती छोटी, मागची मोठी, यापलीकडे गिअर उरला नाही, तेव्हा उतरून ढकलली. ढकलण्यात मला कमीपणा वाटत नाही. सायकल ढकलत चाललं की झाडी जास्त दिसते. सोनकी सरत आलेली, दरडीवर कारवी, आणि वळणावर वाळलेल्या शेणाच्या गोवऱ्या कुणीतरी नीट रचून ठेवलेल्या.

खिंडीतून तोरणा समोर उभा राहतो. पलीकडे उतरल्यावर जे बघितलं ते आप्पांच्या नियमाला माझी जोड. रस्त्याच्या अर्ध्या भागावर ताडपत्री टाकून भात वाळत घातलेलं होतं, कडेला दगड लावलेले, आणि एक आजी पायाने ते उलटंपालटं करत फिरत होत्या. ज्या रस्त्यावर बाई निर्धास्त धान्य पसरते, त्या रस्त्याला किती वाहनं असणार? मी उतरले, सायकल हातात धरून कडेने गेले. आजींनी विचारलं, "पेट्रोल संपलं का गं?" मग सायकल नीट बघून, "आन् केवढ्याची म्हणायची ही?" मी नेहमीप्रमाणे निम्मी किंमत सांगितली. "येवढ्यात म्हस आली असती," असं म्हणून त्या पुन्हा भाताकडे वळल्या.

वेल्ह्यात एका खानावळीच्या मागच्या खोलीत मुक्काम केला. तालुक्याचं नाव बदलून राजगड केलंय, पण लोकांच्या तोंडी वेल्हंच. तांदळाची भाकरी, आमटी, ठेचा आणि नव्या इंद्रायणीचा चिकट भात. मावशींनी तिसऱ्यांदा वाढला आणि मीही खाल्ला. दुसऱ्या दिवशीच्या चढाला त्याचा उपयोग झाला का अडचण, ते ठरवता येत नाही.

गुरुवारी सकाळी विंझर, मार्गासनी करत नसरापूरपर्यंतचा रस्ता बहुतेक उताराचा. एका वाडीपाशी दोन कुत्री मागे लागली. पळायचं नाही. उतरायचं, सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरायची आणि चालत राहायचं. त्यांची हद्द संपली की ती आपोआप परततात.

मग नसरापूर ते कापूरहोळ. या वाटेवरचे एवढेच तीन-चार किलोमीटर हायवेचे, ते मला टाळता आले नाहीत. पंक्चर झालं तेही तिथेच. ट्रकचे टायर फुटतात, त्यांच्या चिंध्यांतल्या केसासारख्या बारीक तारा कडेला पडलेल्या असतात, त्यातली एक घुसली. ट्यूब बदलली, पण हातपंपाने पुरेशी हवा भरेना. पंक्चरच्या दुकानात गेले तर कॉम्प्रेसरचं तोंड मोटारसायकलच्या व्हॉल्व्हचं, माझा व्हॉल्व्ह पेन्सिलीसारखा बारीक. त्यावर बसवायचं पितळी अडॅप्टर करंगळीच्या नखाएवढं असतं आणि ते घरी ड्रॉवरमध्ये होतं. दुकानातल्या पोराने माझाच पंप घेऊन शंभर-दीडशे दणके मारले आणि पैसे घेतले नाहीत. अडॅप्टर आता किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवलंय.

भोरला बटाटेवडे आणि दोन चहा. पुढचा आंबाडखिंडीचा रस्ता राज्यमार्ग आहे, म्हणजे माझ्या हिशोबाने तिथे गर्दी हवी. ती नव्हती. मात्र काही ठिकाणी रस्ता रुंद करायचं काम चालू होतं, खडीचे ढीग पडले होते. काम संपल्यावर हा रस्ता असा राहणार नाही, हे उघड आहे. गाववाल्यांना चांगला रस्ता नको असं म्हणायला मी कोण? पण मी त्या खडीकडे रागाने बघितलं, हेही खरं.

घाट लांब आहे, पण एका लयीत चढता येतो. ऊन डोक्यावर आलं होतं. दर दोन वळणांनी सावली शोधून राजगिऱ्याची चिक्की आणि पाणी. अख्ख्या चढात एकच एसटी भेटली, वाईकडून खाली येणारी. ड्रायव्हरने वळणाच्या आधी हॉर्न दिला, मला बघून वेग कमी केला आणि खिडकीतून हात बाहेर काढून 'चढ, चढ' अशी खूण केली. दारातल्या कंडक्टरने नुसतीच मान हलवली, आमच्या घरात हलवतात तशी.

मांढरदेवीला खाली उभी राहूनच काळूबाईला नमस्कार केला. वर जायचं त्राण नव्हतं, देवीला ते दिसलंच असेल. पुढे उतारावर पांडवगड डाव्या-उजव्या हाताला फिरत राहिला आणि खाली कृष्णाकाठची हिरवळ दिसायला लागली. ब्रेक इतके तापले की दोनदा थांबून ते गार होऊ दिले. वाईजवळ उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर समोर आला, तेव्हा कळलं की शांतता संपली.

आप्पा ओट्यावर बसले होते. प्रवास कसा झाला, पाय दुखतात का, काहीच विचारलं नाही.

"घाटात गाडी भेटली का?"

"एक भेटली. भोरकडे चाललेली."

"किती वाजता?"

"पावणेबारा झाले असतील."

त्यांनी मनात काहीतरी हिशोब केला. "लेट आहे," म्हणाले, आणि चहा ठेवायला आत गेले.