आजी कुठल्या गटात होती?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. लग्नाच्या पंगतीत, एसटीत, परवा तर किराणा दुकानात हाच प्रश्न आला : "मॅडम, तुम्ही ते ग्लोबल हेल्थ शिकवता, म्हणजे नेमकं काय?" आणि मी तोंड उघडायच्या आत, "आफ्रिकेत वगैरे जाऊन औषधं वाटायची, तेच ना?"

पूर्वी मी व्याख्या सांगायचे. सरहद्दी न मानणारे आजार, त्यांच्यावरचे उपाय, ते कोणाला मिळतात आणि कोणाच्या वाटेला येत नाहीत याचा अभ्यास. ऐकणारा मान हलवायचा, पण लक्ष जिलेबीकडे. आता मी आफ्रिकेकडे वळतच नाही. सरळ बार्शीला जाते.

बार्शीला नर्गिस दत्त स्मृती कॅन्सर रुग्णालय आहे. तिथून शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, १९९९ च्या अखेरीस एक मोठा अभ्यास सुरू झाला. सोबत मुंबईचं टाटा स्मारक केंद्र आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था, पैसा अमेरिकेतल्या गेट्स प्रतिष्ठानचा. विषय गर्भाशयमुखाचा कर्करोग. बायका त्याला पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर म्हणतात, तेही कुजबुजत. अंगावरून जातंय हे सासूला सांगायला वर्ष घालवणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत.

३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार निरोगी बायका. त्यांच्या गावांचे ५२ समूह करून चिठ्ठ्या टाकाव्यात तशी चार गटांत वाटणी केली. एका गटाची, हा कॅन्सर ज्याच्यामुळे होतो त्या एचपीव्ही विषाणूसाठी तपासणी, दुसऱ्याची पॅप तपासणी (गर्भाशयमुखाच्या पेशी घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या), तिसऱ्यात गर्भाशयमुखाला पातळ अ‍ॅसेटिक आम्ल (म्हणजे व्हिनेगरच म्हणा) लावून पांढरा डाग उमटतो का हे डोळ्यांनी बघायचं. तपासणी एकदाच. चौथ्या गटाला नेहमीची सेवा. आता मराठवाड्यातल्या खेड्यात तेव्हा या आजारासाठी 'नेहमीची सेवा' काय होती? तपासणीचं बोलावणं नाही, एवढाच तिचा अर्थ.

आठ वर्षांचा हिशेब २००९ मध्ये छापून आला. एचपीव्ही तपासणीच्या गटात या कॅन्सरने ३४ बायका गेल्या, चौथ्या गटात ६४. दोन्ही गट साधारण सारख्याच आकाराचे.

हा शोधनिबंध मी दरवर्षी वर्गात घेते. एका वर्षी मागच्या बाकावरून धाराशिवकडची एक मुलगी उठली. "मॅडम, माझी आजी कुठल्या गटात होती?" वर्गात हसू फुटलं. मी मात्र हसले नाही, कारण तोवर मी त्या गटांकडे आकडे म्हणूनच बघत होते.

टीका व्हायची ती झालीच. पॅप तपासणी कित्येक दशकं श्रीमंत देशांत चालू आहे, तिथे हजारो बायकांना विनातपासणी ठेवून मोजायला कुणी परवानगी दिली असती का? हेलसिंकी जाहीरनामा, म्हणजे माणसांवरच्या वैद्यकीय संशोधनाचे जागतिक नीतिनियम, तर सांगतो की नव्या उपायाची तुलना सर्वांत चांगल्या सिद्ध उपायाशी करा. यावर संशोधकांची बाजू अशी : भारतात कुठलीच तपासणी चालू नव्हती, म्हणून कुणाचं काही काढून घेतलं नाही.

हे उत्तर मला कधीच गिळता आलं नाही. सरकारने जे दिलं नाही तेच 'स्थानिक प्रमाण' ठरणार असेल, तर जितकी हेळसांड जास्त तितकं संशोधन सोपं! एचआयव्हीच्या बाबतीतही हेच झालं होतं. एझेडटी या औषधाने आईकडून बाळाला होणारी लागण दोन-तृतीयांशाने कमी होते हे १९९४ मध्ये सिद्ध झाल्यावरही गरीब देशांत काही गरोदर बायकांना औषधाऐवजी नुसत्या साखरेच्या म्हणाव्यात अशा गोळ्या देऊन चाचण्या चालल्या. अशी चाचणी अमेरिकेत कुणी करू धजलं नसतं.

पण इथेच माझी पंचाईत होते, आणि ती मी वर्गापासून लपवत नाही. उस्मानाबादमध्ये एकदाच केलेल्या पॅप आणि व्हिनेगर तपासणीने मृत्यू ठळकपणे घटले नाहीत. म्हणजे 'सगळ्यांना माहीत असलेला' उपाय तिथल्या रस्त्यांवर, तिथल्या बायकांच्या कामाच्या वेळात एका फेरीत पुरला नाही. चौथा गट नसता तर हे कळलंच नसतं. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दर दोन वर्षांनी, चार फेऱ्यांत व्हिनेगर तपासणी केली तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. तिथेही एक गट विनातपासणी होताच. जागतिक आरोग्य संघटना आज एचपीव्ही तपासणीलाच पहिली पसंती देते, त्यामागच्या पुराव्यात आपल्या मराठवाड्यातल्या बायका आहेत. आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, या कॅन्सरची कुठलीही तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या ३० ते ४९ वयाच्या भारतीय बायका किती, तर १.९ टक्के.

मला अभ्यासापेक्षा ही १.९ जास्त बोचते. ज्ञान पिकलं इथे आणि बाजार लागला दुसरीकडे, असं काहीसं.

त्या मुलीने दिवाळीच्या सुट्टीत आजीला विचारलं. आजीला गट वगैरे ठाऊक नव्हते. तिला जीप आठवत होती. "आपल्या गावावरनं पुढच्या गावाला जायची," ती म्हणाली, "बायका भरून न्यायची. आमाला वाटायचं, तिकडं कसली साथ आली का काय."